काठीवरच्या खाचा

कान नदीच्या बंधाऱ्यात उभी आहे
एक बाभळीची काठी.
तिच्यावर सोळा खाचा, कोयत्याने पाडलेल्या.
बारावी जरा तिरपी,
तेव्हा हिलालबाबांना खोकल्याची उबळ आली होती.

सासरे गेले, पाटकरीपण माझ्याकडे आलं:
एक फावडं, एक बॅटरी, ही काठी.
शाळा माझी चौथीपर्यंत,
पण ओलं कुठं संपतं, कोरडं कुठं लागतं
तेवढं वाचता येतं.
रोज सकाळी खडूने डेअरीच्या भिंतीवर लिहिते:
आज नऊ.
दुसऱ्या दिवशी: नऊच, पण जेमतेम.
दूध घालायला आलेली माणसं किटली टेकवून बघतात,
घरातल्या आजाऱ्याचा ताप विचारावा तसं.

पौषात पाणी सातवर आलं
आणि सांडव्याच्या दगडांवर बैठक बसली.
फड चार, पाणी एका फडापुरतं.
आवाज चढले, एकाची टोपी पाटात पडली,
ती काढून पिळेपर्यंत सगळे गप्प.
मग केवळबाईने बोटाने मातीत चार चौकोन काढले,
प्रत्येकात तेवढ्याच पट्ट्या.
जुन्यांनी वाटणीच अशी करून ठेवलेली:
ज्याचं शेत, त्याची पट्टी चारही फडांत.
एक भिजला तर सगळ्यांचं थोडं भिजणार,
तीन सुकले तर सगळ्यांचंच सुकणार.
"डोकं व्हतं भो त्यास्ले," ती म्हणाली,
आणि ऊस मागणारा भिवसन
बिडी विझवून खाली बसला.
हरभरा. दोन पाळ्या. ठरलं.

उठता उठता भुरीबाई बोलली.
तिचा दामू आमचा जागल्या,
रात्र रात्र पाटावर फिरून
दुसऱ्यांच्या पाण्याला राखण देतो.
"आमनी पट्टी कोणत्या फडमा शे?"
भांडायला नव्हती आली ती. खरंच विचारत होती.
"भिलाटीनी विहीर सोमवारपासून गाळ देवाले लागनी."

आमच्या वहीत हंगाम होते, पाळ्या होत्या, दंड होते.
या प्रश्नाला रकाना नव्हता.
बराच वेळ फक्त सांडव्यावरचं शेवाळ वाळत होतं.

मग मीच कोयता मागितला.
गुडघाभर पाण्यात उतरले, काठी उपटली,
चौथ्या खाचेवर दुसरी खाच पाडली,
खोल, आडवी, अंधारातही अंगठ्याला लागेल अशी.
इथून खाली शेताला थेंब नाही.
उरेल ते नदीच्या पोटातून
हळूहळू भिलाटीच्या विहिरीत उतरेल.
हात वर झाले. सगळे नाही,
पण पुरेसे.

माघ सरताना, एका पहाटे काठी ओलीच दिसली,
पाणी अर्धी खाच खाली.
पाटाचं दार मातीने नीट लिंपलेलं,
फार नीट. तो हात मी ओळखते.
आमच्या पट्टीतला हरभरा
तेवढा टवटवीत.
घरी नवरा भाकरीकडे बघत जेवत होता.
"दोनच तास," म्हणाला.

डेअरीपर्यंतची वाट त्या दिवशी लांब झाली.
खडू दोनदा मोडला.
लिहिलं: आज साडेपाच.
अर्धी खाच पाटकरणीच्या घरची.

तीन दिवस घरात फक्त भांडी बोलली.
चौथ्या दिवशी न सांगता तो
दामूसोबत भिलाटीच्या विहिरीत गाळ काढायला उतरला.
दंडाचे पैसे वेगळे भरले, पावती घेतली,
आणि ती माझ्याच डब्यात ठेवली, जिऱ्याखाली.

आता चैत्र. हरभरा घरात आलाय,
थोडा थोडा, सगळ्यांच्या.
आज पाणी चारवर आहे.
भिंतीवर लिहून झालं तरी मी बंधाऱ्यावर थांबते.
खालून, भिलाटीकडून,
भुरीबाईच्या बादलीचा आवाज येतो.
आधी दोर सरसरतो, मग थोडा वेळ काहीच नाही.
तेवढा वेळ मी अंगठा
त्या खोल खाचेवर ठेवून उभी असते.